चाळीस हजार तोंडांच्या घरात

मांडणीवर बांबूची पन्नास गोल ताटं होती. एका ताटात धरून चालू आठशे रेशमाचे किडे, म्हणजे घरात खाणारी चाळीस हजार तोंडं. त्याखेरीज माणसांची पाच: नंजम्मा, तिचा नवरा अंजिनप्पा, मुलगा मुनिराजू, सून भाग्या, आणि नात हंसिनी, जिला सगळे पुट्टी म्हणत. या पाचांतली चार तोंडं बोलायची. पाचवं, सव्वातीन वर्षांचं, बोलत नव्हतं. अंगणात एक जर्सी गाय होती. ती हंबरायची आणि त्याबद्दल शिव्या खायची.

शिव्यासुद्धा कुजबुजत. कारण मागचं पीक हातचं गेलं होतं. किडे ऐन भरात आले आणि शेजारच्या लग्नात तीन दिवस ताशे वाजले. चौथ्या दिवशी किडे सुजून पांढरे झाले, हात लावला की फुटून दुधासारखं पाणी यायचं. रेशीम खात्याचा माणूस आला. त्याने मेलेला किडा बोटांवर फिरवून पाहिला आणि सांगितलं, चुना मारला नव्हता, पानं ओली घातली होती, बाकी काही नाही. किड्याला कान नसतात.

"त्याला ठाऊक असायला त्याचे तरी कान कुठं हायत," नंजम्मा म्हणाली. "सरकारी कान. अर्ज केल्याबिगर ऐकू येत न्हाई."

तेव्हापासून घरात मोठ्याने बोलायचं नाही, असा तिचा कायदा झाला. किड्यांची खोली घराच्या पोटात, स्वयंपाक एका अंगाला, निजणं दुसऱ्या अंगाला, त्यामुळे कायदा सगळ्या घराला लागू होता. मुनिराजू मोटारसायकल वेशीपर्यंत ढकलत नेऊन मग चालू करायचा. नाचणी ढवळायच्या लाकडी काठीला भाग्याने फडकं गुंडाळलं होतं. नवराबायकोचं भांडण लागलं, तर दोन केरसुण्या एकमेकींवर झाडल्यासारखा आवाज यायचा.

अंजिनप्पाला हे जमण्यासारखं नव्हतं. तो वीस वर्षं दगडाच्या खाणीत सुरुंग लावत होता. डावा कान पुरता गेलेला, उजवा नावाला उरलेला. तुतीच्या दुसऱ्या ओळीपलीकडून हाक मारली तर त्याला पोचत नसे. आणि बहिऱ्या माणसाच्या रीतीप्रमाणे तो स्वतः मात्र गावाला सांगितल्यासारखा बोलायचा. नंजम्माने त्याची घोंगडी उचलून रानातल्या पंपाच्या खोपटात नेऊन टाकली. त्याचं जेवण तिकडेच जायचं. जेवायला चल म्हणायचं, तरी कुणीतरी जाऊन खांद्याला हात लावायचा.

संक्रांतीला चिंतामणी गावाहून मुनिराजूची थोरली बहीण जयक्का आली. तिच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान. जयक्का दारातून आत येताना बोलत आली आणि जाईपर्यंत बोलत राहिली. तिला गप्प करणं नंजम्मालाही साधलं नव्हतं. म्हणून तिला कट्ट्यावरच बसवायचे.

गल्लीतल्या बायका तीळगुळाच्या वाट्या घेऊन आल्या. प्रत्येकीने पुट्टीच्या हातावर मूठ ठेवली आणि आपल्याकडची रीत आहे तसं म्हटलं, "तीळ खा, गूळ खा, चांगलं बोल." पुट्टीने खाल्लं. सहा बायकांच्या सहा मुठी खाल्ल्या आणि सातवीपुढे हात पसरला.

"सहाजणींचा गूळ जिरवला पोरीने, आणि बोलली काय? काही नाही," जयक्का म्हणाली. "अम्मा, मी स्पष्ट सांगते. या घरात राहून ही मुकी होणार. हिला माझ्याकडे द्या वर्षभर. माझ्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत बोलणं असतं."

ते खरंच होतं. सगळं ती एकटीच पुरवायची.

नंजम्माने पुट्टीची हनुवटी धरली. वेखंड मधात उगाळून जिभेला लावून झालं होतं. वेखंडाच्या वासाने किडे बिथरतील म्हणून पोरीला त्यासाठी पार रस्त्यावर नेत असत. गुण आला नव्हता.

"कोष उतरू देत," ती म्हणाली. "कोष उतरले की ये आणि घेऊन जा."

भाग्याने मुनिराजूकडे पाहिलं. मुनिराजूने आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. "न्हाई," भाग्या म्हणाली. पण घराच्या सवयीने कुजबुजत म्हणाली, आणि जयक्काच्या बोलण्याखाली ते कुणाला ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुट्टीला कडेवर घेऊन अंगणवाडीत गेली. सुमंगला टीचर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पुट्टीच्या पाठीमागे स्टीलची थाळी पाडली. पुट्टी दचकली. मग म्हणाल्या, "तो लाल डबा आण, आणि झाकण तिथंच ठेव." पुट्टीने डबा आणला, झाकण तिथेच ठेवलं.

"कान ठीक दिसतात. समजतंही सगळं. घरी हिला काही पाहिजे असलं तर काय करते?"

"हनुवटीने दाखवती."

"आणि मग?"

"मग कुणीतरी देतो."

"मग ती कशाला बोलेल? फुकट मिळतंय," टीचर म्हणाल्या. "हे बघ. जे काम करशील ते बोलत कर. पान चिरतेस, पान म्हण. वस्तू द्यायची तर अर्धी दे आणि थांब. तिच्या तोंडाकडे बघत थांब. तिच्या वतीने कुणी उत्तर द्यायचं नाही. आणि बोटांना काम दे. सोलू दे, चिमटू दे, मळू दे."

"बोटं चालली की जीभ चालती का?"

"असं मला कुणी लिहून दिलेलं नाही. पण बोटांनाही शिकायचंच आहे, आणि हात गुंतले की पोर एका जागी बसतं, मग तुला बोलता येतं. दोन महिने कर. फरक नाही पडला तर तालुक्याच्या दवाखान्यात दाखवू. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"दोन महिने न्हाईत, टीचर. कोष उतरेपर्यंतच हायत. आणि घरात बोलायला बंदी हाय."

टीचरांनी सुपातला खडा काढून फेकला. "मग हळू बोल. पण बोल."

भाग्या त्या दिवसापासून बोलायला लागली. पहाटे पानं तोडून आणायची, दव जाईस्तोवर गोणपाटावर पसरायची आणि विळीवर बसायची. पुट्टी समोर. "हे पान," भाग्या तिच्या कानाशी कुजबुजायची. "हे पान कोरडं हाय. हात लावून बघ. ओलं चालत न्हाई किड्याला. पोट बिघडतं. आता चिरू. आता ताटात घालू. खा रे बाबांनो, सगळं संपवा."

नंजम्मा मागून चुन्याची चाळणी घेऊन आली. "कुणाशी बोलतीस गं?"

"पुट्टीशी."

"ती उत्तर देती का?"

"न्हाई अजून."

"म्हणजे सोताशीच बोलतीस." नंजम्माने चाळणी हलवली. "तुझ्या माहेरी हाय का कुणी असं? लग्नाच्या टायमाला सांगायचं असतं."

किडे चौथ्या वेळी कात टाकायला निपचित पडले. थंडी होती, म्हणून खोलीत निखाऱ्याच्या शेगड्या ठेवल्या होत्या आणि दाराला घोंगडी लावली होती. कात टाकून उठले ते भुकेने पिसाळूनच. आता दिवसातून पाच वेळा पानं. चाळीस हजार तोंडं एकदम चालायला लागली. गावभरच्या बायका एकाच घरात बसून पापड मोडतायत असा तो आवाज. दिवसरात्र. भाग्याच्या उजव्या हाताच्या बोटांना तुतीच्या चिकाने काळी साल धरली. पाठ वाकली ती सरळ होईना. तरी ती बोलतच होती.

बोटांचं काम सोपं होतं. पावट्याचा हंगाम. नंजम्मा रोज शेरभर भिजत घालायची. भिजलेला दाणा अंगठा आणि पहिल्या बोटात धरून दाबला की साल हातात राहते आणि डाळ सुटून भांड्यात पडते. पुट्टीने पहिल्या दिवशी सगळी मूठ दाबली. लगदा झाला. दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांनी एक दाणा धरला, दात-ओठ खाल्ले आणि दाबला. डाळ सुटली आणि समोर बसलेल्या नंजम्माच्या कपाळावर, कुंकवाच्या बरोब्बर मधोमध बसली.

भाग्याने तोंडात पदर कोंबला. मुनिराजू उठून अंगणात गेला आणि गाईला मिठी मारून हसला.

"नेम चांगला हाय," नंजम्मा कपाळ पुसत म्हणाली. "जीभ तेवढी द्यायची राहिली देवाकडनं." पण दुसऱ्या दिवशी तिनेच पुट्टीपुढे भांडं सरकवलं, आणि स्वतः जरा तिरकी बसली. आठवड्याभरात पुट्टी दोन बोटांत दाणा धरून डाळ भांड्यातच पाडायला लागली.

थांबायचं काम मात्र अवघड होतं. जेवताना भाग्याने पुट्टीच्या ताटात नाचणीचा मुद्दा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, घातला आणि सारू, म्हणजे पातळ आमटी, घातलं नाही. पळी हातात धरून थांबली. पुट्टीने हनुवटीने पळी दाखवली. भाग्या हलली नाही. पुट्टीचे ओठ हलल्यासारखे झाले.

"सारू पाहिजे म्हणती," नंजम्मा म्हणाली.

"ती न्हाई म्हणाली. तुम्ही म्हणालात, अत्तम्मा."

"तिच्या डोळ्यांत दिसतंय की."

"डोळ्यांनी शाळेत हजेरी देता येत न्हाई."

"अगं पोरगी उपाशी मरंल आणि तू पळी धरून बसशील देवळातल्या बाहुलीवानी!"

हे सगळं कुजबुजत, आणि भिंतीपलीकडे चाळीस हजारांची पंगत. भाग्या पुन्हा पुट्टीकडे वळली, तर पुट्टी जेवत होती. मुनिराजूने आपल्या ताटातलं सारू तिच्या ताटात ओतलं होतं.

"ओठ हलत होते तिचे! तुम्हांला दम निघत न्हाई?"

"सांडलं," मुनिराजू म्हणाला.

"वाटीभर?"

"हात ओला होता."

दुपारी पुट्टी ताताकडे, म्हणजे अंजिनप्पाकडे, असायची. त्याच्या खांद्यावर बसून त्याचा उजवा कान हँडलसारखा धरायची आणि तुतीतून फिरायची. एकदा भाग्या त्याची भाकर घेऊन गेली, तर तो खोपटाबाहेर कुदळीला पाचर ठोकत होता.

"सूनबाई," तो ओरडला, "ही बोलत न्हाई असं कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात, मावा," भाग्या सासऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली.

"झूट! दिवसभर बोलती! तिच्या तोंडाचा वारा लागतो माझ्या कानाला. असा फू, फू, फू."

"काय बोलती?"

"ते मला काय ठाऊक? मी बहिरा हाय!"

भाग्याने हे घरी सांगितलं. नंजम्मा आवाज न करता इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि ठसका दाबायला तिला रस्त्यावर पळावं लागलं. "वारा लागतो म्हणं. आता बहिऱ्याची साक्ष काढा."

माघ लागता लागता किडे पिकले. अंगातून उजेड आरपार दिसायला लागला, आणि खाणं सोडून ते माना वर करून हवेत काहीतरी शोधू लागले. सगळं घर ते वेचायला बसलं. पिकलेला किडा नाजूक, जोरात धरला की संपला. नंजम्मा पुट्टीला हात लावू द्यायला तयार नव्हती. भाग्याने एक किडा पुट्टीपुढे धरला. पुट्टीने तो अंगठा आणि पहिल्या बोटात असा उचलला, जसा मोती उचलावा, आणि चंद्रिकेच्या, म्हणजे कोष विणायच्या चटईच्या, बांबूच्या नागमोडी वेटोळ्यात नेऊन ठेवला. नंजम्माने चष्मा वर केला, बघितलं आणि आपली टोपली तिच्याकडे सरकवली.

संध्याकाळी चंद्रिका भरल्या. ताटं रिकामी झाली. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा घरातला खाण्याचा आवाज बंद झाला.

भाग्या केरसुणी घेऊन आत आली आणि दारातच थांबली. खोलीत कुणीतरी बोलत होतं. सुकी पानं पायाखाली यावीत इतका बारीक आवाज.

"हे पान घे. कोरडं हाय. ओलं चालत न्हाई. पोट बिघडतं. सगळं संपव. सगळे गेले वरती. तू एकटाच ऱ्हायलास, येड्या. श्श्. अज्जी येईल."

कोपऱ्यात पुट्टी उकिडवी बसली होती. तिच्यापुढे शेवटचं ताट, त्यात विष्ठा आणि काड्या, आणि त्यावर एक मागे राहिलेला, इतरांच्या निम्म्याएवढाच किडा. ती त्याला पान भरवत होती.

हे आजचं नव्हतं. इतकी वाक्यं एका दिवसात कुणाला येत नाहीत. पोरगी किती दिवसांपासून बोलत होती कोण जाणे. घर जेवढ्या आवाजात बोलत होतं, तेवढ्याच आवाजात ती बोलत होती, आणि चाळीस हजार तोंडांनी ते खाऊन टाकलं होतं.

ती पळत जाऊन मुनिराजूला घेऊन आली. पुट्टीने बापाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"बोलत होती! आत्ता! 'येड्या' म्हणाली किड्याला!"

मुनिराजूने बायकोच्या कपाळाला हात लावला. "चार रात्री झोपली न्हाईस तू. जा, पड जरा."

कोष विणून झाले, घट्ट झाले, आणि चंद्रिका अंगणात निघाल्या. पिवळसर कोषांनी अंगण भरलं. कट्ट्यावर नंजम्मा, भाग्या आणि मधे पुट्टी कोष सोडवायला बसल्या. पुट्टीही सोडवत होती. कोष धरायचा, किंचित पिळायचा, वरची विसविशीत जाळी चिमटीने ओढून काढायची. मुनिराजू पोती बांधत होता.

जयक्का दुपारच्या आधीच रिक्षातून उतरली. तिच्या हातात चेन लावायची मोठी पिशवी होती.

"वा वा, कोष छान दिसतायत, टणक आहेत ना, भाव चढलाय म्हणे, तयारी झाली का पोरीची, फ्रॉक धुतलेत का, दोनची बस आहे—"

"अक्का, ती बोलती," भाग्या म्हणाली.

"बोलते? कुठे? बोल गं. माझ्याकडे बघ. मी कोण? अत्ते. अत्ते म्हण. सोपं आहे. अत्. ते. बघू तोंड कसं करतेस. माझा धाकटा दहाव्या महिन्यात अत्ते म्हणायचा, मी आई असून मलाच म्हणायचा, सगळे हसायचे. म्हण ना. नाही म्हणत. बघ भाग्या, मी तुला दोष देत नाही—"

पुट्टीने श्वास घेतला. तोंड उघडलं. तेवढ्यात जयक्काने पुढचं वाक्य घातलं. पुट्टीने तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. नंजम्मा कोष सोडवता सोडवता बघत होती. हलणारे ओठ ओळखायला त्या घरात तिच्याइतकं कुणी तयार नव्हतं. उभा एक हंगाम कोण बोलतंय ते पकडायला ती ओठच बघत आली होती.

"श्श्!" ती म्हणाली.

जयक्का चमकली. "अगं पण किडे तर आता—"

"श्श् म्हटलं ना! पोरगी बोलती हाय!"

अंगण गप्प झालं. गाय रवंथ करत होती तेवढीच. पुट्टीने आत्याकडे पाहिलं, बोट ओठांवर ठेवलं आणि म्हणाली, "अत्ते, गप. किडे निजलेत. दंगा करायचा न्हाई."

आवाज इतका बारीक की सगळ्यांनाच पुढे वाकावं लागलं. आणि आवाज नंजम्माचा होता, हुबेहूब, सुरातल्या धमकीसकट. नंजम्माच्या हातातला कोष खाली पडला. मुनिराजूने भाग्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या अंगठ्याकडे.

जयक्का सावरली. सावरायला तिला कधीच वेळ लागत नसे.

"हे काय बोलणं म्हणायचं? ही कुजबुज आहे! शाळेत पन्नास पोरं असतात. कोण ऐकणार हिचं? अम्मा, तुला राग येऊ दे, पण घराची ही तऱ्हा, म्हणून पोरीची ही तऱ्हा. माझ्याकडे राहू दे, मोठ्याने कसं बोलायचं ते मी शिकवते." आणि तिने भाग्याच्या मांडीशेजारचे घडी घातलेले फ्रॉक पिशवीत भरायला घेतले.

नंजम्मा खाली पडलेला कोष शोधायला वाकली.

तेवढ्यात पुट्टी उभी राहिली.

रानाच्या पार टोकाला, पंपाच्या पलीकडे, शेणाचा खड्डा होता. अंजिनप्पा सकाळपासून ताटांमधला कचरा तिकडे नेऊन टाकत होता. आता त्याच्या डोक्यावर कोपऱ्यातलं ते शेवटचं ताट होतं. त्याने ते खाली घेतलं आणि खड्ड्याच्या काठावर टेकवलं.

"ताता, नको," पुट्टी कुजबुजली.

अंजिनप्पाने कमरेवर हात ठेवून पाठ ताणली.

"ताता, नको. माझा किडा."

तिने हनुवटीने रान दाखवलं. मग भाग्याचा पदर ओढला. मुनिराजू धावायला निघाला, त्याची कॉलर भाग्याने मागून धरली. ती स्वतः अर्धी उठली होती. तिला तो किडा ठाऊक होता. पळत जाऊन म्हाताऱ्याच्या खांद्याला हात लावणं दोन मिनिटांचं काम होतं. ती परत खाली बसली. पुट्टीच्या तोंडाकडे बघत थांबली.

नंजम्माच्याने राहवेना. तिने छाती भरून घेतली, "अहो" म्हणायला तोंड उघडलं, आणि भाग्याने आपला चिकाने काळा झालेला पंजा सासूच्या तोंडावर दाबला. लग्नाला पाच वर्षं झाली होती. सासूपुढे मोठ्या आवाजात पाणी मागितलं नव्हतं तिने कधी. नंजम्माचे डोळे बशीएवढे झाले, पण ती हलली नाही. जयक्का फ्रॉक हातात धरून उभी होती आणि चक्क गप्प होती.

अंजिनप्पाने वाकून ताट दोन्ही हातांनी उचललं.

"ताताऽऽऽ! थांऽऽऽब! टाकू नकोऽऽ! माझा किडा हाय त्याऽऽत!"

गाय दावं तोडून उठली. शेजारची कोंबडी कौलावर चढली. शेजारच्या घरातून कुणीतरी विचारलं, काय झालं, कुणाला चावलं. आणि रानाच्या टोकाला अंजिनप्पा ताट तसंच हातात धरून वळला.

"कोण केकाटतंय रं?" तो ओरडला. "कान फुटंल की माझा!"

मग त्याने ताट खाली ठेवलं, कचऱ्यात बोट फिरवलं, काहीतरी उचलून तळहातावर घेतलं, आणि दुसऱ्या हाताचा आडोसा धरून, दिवा आणावा तसा चालत यायला लागला.

भाग्याने सासूच्या तोंडावरचा हात काढला. नंजम्माच्या दोन्ही गालांवर चिकाची काळी बोटं उमटली होती. तिने ती पुसली नाहीत.

"अत्तम्मा, मी—"

"गप बस," नंजम्मा म्हणाली, मोठ्याने. "जये, ते फ्रॉक काढ पिशवीतनं. पावट्याच्या शेंगा भरून ने त्यात."

"पण अम्मा, वर्षभराचं ठरलं होतं माझं—"

"मग शेंगा दोन पिशव्या ने." ती मुनिराजूकडे वळली. "आणि तू बघत काय उभा हायस? जा, हाक किती ओळींपार गेली ते मोजून ये."

मुनिराजू गेला. पुट्टी खाली बसली आणि पुढचा कोष सोडवायला घेतला.

कट्ट्यापासून खड्ड्यापर्यंत तुतीच्या बावीस ओळी होत्या.